काकूंची न संपणारी बाटली : सुगंधी तेलांनी डास खरंच पळतात का?

पावसाळा आला की आमच्या परळच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास उगवतात : गच्ची गळत असल्याच्या तक्रारी आणि डासांवरचे घरगुती उपाय. यंदाचा उपाय असा होता. डासांच्या लिक्विड मशीनची रिकामी रिफिल घ्या, तिच्यात कडुनिंबाचं तेल भरा, चार कापराच्या वड्या चुरून टाका आणि मशीनला लावा. खाली तीन हात जोडलेले आणि ‘केमिकल नाही, खर्च नाही’.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच करून पाहिलं. महिन्याभराने जिन्यात भेटल्या तेव्हा स्वारी खुशीत होती.

“अगं, दुकानातली बाटली महिन्यात संपायची. ही बघ, अजून गळ्यापर्यंत भरलेली!”

“आणि डास, काकू?”

“ते आहेत गं आपले तेवढेच. पण तेल किती टिकतं बघ.”

तेल टिकलं, कारण ते बाटलीतून हवेत गेलंच नाही. आणि हवेत गेलं नाही, म्हणून डासांना त्याचा पत्ताच लागला नाही. सुगंधी तेलं आणि डास यांच्याबद्दल जे काही समजून घ्यायचं, त्याची सुरुवात या न संपणाऱ्या बाटलीपासून करता येते.

तेल आणि तेल यांत फरक असतो

घरी एक सोपा प्रयोग करा. साध्या कागदावर एका बाजूला खोबरेल तेलाचा थेंब टाका, दुसऱ्या बाजूला सर्दीसाठी आणलेल्या निलगिरीच्या तेलाचा. दोन्हीकडे डाग पडेल. तास-दोन तासांनी बघा. खोबरेलाचा डाग तसाच पारदर्शक, भज्यांच्या कागदासारखा. निलगिरीचा जवळपास गायब, आणि खोलीभर वास.

पहिलं ते स्थिर तेल : खोबरेल, तीळ, एरंडेल, निंबोळ्यांतून काढलेलं कडुनिंबाचं तेल, सगळी याच घरातली. यांचे रेणू मोठे आणि जड, ते जागचे हलत नाहीत. दुसरं ते बाष्पनशील, म्हणजे हवेत उडून जाणारं तेल. बाजारात त्याला इसेन्शियल ऑइल म्हणतात, मी इथे सुगंधी तेल म्हणेन. गवती चहा, सिट्रोनेला गवत, निलगिरी, लवंग, पुदिना यांच्यात ते पानाच्या किंवा कळीच्या सूक्ष्म पेशींत साठलेलं असतं. ते काढायची रीत आपल्याला चहाच्या पातेल्यावरून कळते. गवती चहा घालून झाकण ठेवलं की झाकणाला आतून वासाचे थेंब धरतात. कारखान्यात हेच मोठ्या पात्रात करतात : वाफ पाल्यातून नेतात, थंड करतात, पाण्यावर तरंगणारं तेल वेगळं काढतात. शंभर किलो ओल्या पातीतून फार तर अर्धा-एक किलो मिळतं.

आता काकूंची बाटली. मशीनमधली तापलेली कडी वातीचं टोक गरम करते, तेवढ्या उष्णतेत उडेल असं औषध कंपनीच्या द्रवात मिसळलेलं असतं. कडुनिंबाचं तेल तेवढ्याने उडत नाही. ते वातीत चढतं, घट्ट होतं, टोकाशी काळं पडून बसतं. उडतो तो थोडासा कापूर. काकूंच्या घरात महिनाभर देवघराचा वास येत होता, तो त्याचा.

डासाला आपण सापडतो कसे?

चावते ती फक्त मादी. अंडी पिकवायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर बिचारा फुलांतल्या रसावर जगतो.

मादी आपल्याला शोधते ती नाकाने, म्हणजे तिच्या मिशांनी आणि तोंडाजवळच्या स्पर्शकांनी. आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला दहा मीटर किंवा त्याहून लांबून लागतो. त्या धाग्याला धरून ती वाऱ्याविरुद्ध येते. जवळ आल्यावर घामातलं लॅक्टिक ॲसिड, अमोनिया आणि त्वचेवरच्या जिवाणूंनी तयार केलेली आम्लं तिला सांगतात की हा माणूसच आहे. शेवटच्या टप्प्यात अंगाची ऊब आणि ओलावा.

परळच्या गर्दीत माणूस वडापावच्या गाडीपर्यंत असाच पोचतो. आधी तळणाचा वास, मग धूर, मग गरम कढई. आता त्याच गाडीशेजारी कुणी डांबर उकळायला ठेवलं तर? वडे तिथेच आहेत, तळणाचाही वास आहे, पण पाय पुढे पडत नाही. सुगंधी तेलातले काही रेणू डासाच्या बाबतीत साधारण हेच करतात. काही माणसाचा वास ओळखणं अवघड करतात, काही डासाच्या शरीरातली ‘इथून नीघ’ म्हणणारी यंत्रणाच जागी करतात. लक्षात घ्या, डास मरत नाही. तो फक्त उतरत नाही. म्हणून यांना कीटकनाशक न म्हणता प्रतिकर्षक म्हणतात. सोपा शब्द हवा तर डास-रोधक.

मग काम होतं की नाही?

होतं. इथेच बहुतेक वाद चुकीच्या वाटेला लागतात. एक बाजू म्हणते डासांवरचं सिट्रोनेलाचं तेल म्हणजे थोतांड, दुसरी म्हणते आमच्या घरात तर डास फिरकत नाही. खरा प्रश्न काम होतं का, हा नाहीच. किती मिनिटं होतं, हा आहे.

याचं मोजमाप करायची पद्धत अंगावर काटा आणणारी आहे. स्वयंसेवक हाताला औषध लावतात आणि उपाशी मादी डास सोडलेल्या पिंजऱ्यात हात घालतात. पहिला चावा बसेपर्यंतचा काळ घड्याळावर मोजतात. २००२ साली अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशी एक चाचणी प्रसिद्ध झाली. १५ स्वयंसेवक, बाजारातली वेगवेगळी उत्पादनं, आणि डास कुठला, तर डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती. डीट नावाच्या कृत्रिम औषधाचं २३.८ टक्के प्रमाण असलेल्या उत्पादनाने सरासरी ३०१ मिनिटं, म्हणजे पाच तास, डास अंगाला लागू दिला नाही. सिट्रोनेलाची उत्पादनं सरासरी वीस मिनिटंही टिकली नाहीत. औषध भिजवलेले मनगटी पट्टे तर जवळजवळ निरुपयोगी ठरले.

वीस मिनिटांचं गणित घरी मांडून बघा. मुलाची शाळा सकाळी सात ते एक. सिट्रोनेलावर विसंबायचं तर त्याला वर्गात अठरा वेळा हातापायाला तेल लावावं लागेल.

अत्तरवाल्याला विचारा

महंमद अली रोडवरच्या अत्तराच्या दुकानात गेलात तर एक गोष्ट लगेच कळते. लिंबाचा, संत्र्याचा वास मनगटावर लावताच नाकात भरतो आणि रस्ता ओलांडेपर्यंत उतरतो. चंदन किंवा ऊद संध्याकाळपर्यंत सोबत करतो. लिंबाच्या वासाचे रेणू छोटे, म्हणून पटकन उडणारे. चंदनाचे मोठे, म्हणून चिवट.

डासांना न आवडणारे बहुतेक वास पहिल्या जातीचे आहेत. सिट्रोनेलातले सिट्रोनेलाल आणि जिरॅनिऑल, गवती चहातला सिट्राल, सगळे हलके, उडून जाणारे. आणि गंमत अशी की उडतात म्हणूनच त्यांचा उपयोग होतो. उडाले नाहीत तर डासाच्या मिशांपर्यंत पोचणार कसे? उडाले की संपले. तेलाची ताकद आणि तेलाचा दोष, दोन्ही एकच आहेत.

उत्पादक यावर तोडगे काढतात. तेलात व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारं द्रव्य, मिसळलं तर ते थोडं सावकाश उडतं. त्याच २००२ च्या चाचणीत सोयाबीनच्या तेलावर आधारलेलं एक उत्पादन सरासरी ९५ मिनिटं टिकलं होतं, सिट्रोनेलाच्या कितीतरी पुढे, बहुधा सोयाबीनचं तेल स्थिर असल्यामुळे. इथे कडुनिंबालाही न्याय द्यायला हवा. १९९३ साली भारतीय शास्त्रज्ञांनी खोबरेलात दोन टक्के कडुनिंब तेल मिसळून माणसांच्या अंगाला लावलं, तेव्हा हिवतापाच्या ॲनॉफिलिस डासांवर रात्रभर उत्तम परिणाम दिसला. इतर जातींच्या डासांवर तो कमी होता. म्हणजे जे तेल मशीनमध्ये बसून राहतं म्हणून कुचकामी, तेच कातडीवर बसून राहतं म्हणून कामाचं. काकूंचं तेल चुकीचं नव्हतं, त्याची जागा चुकीची होती.

मुंबईची हवा मात्र या सगळ्या हिशोबाच्या विरुद्ध आहे. घामाने लावलेलं धुऊन जातं आणि डोक्यावरचा पंखा वास भराभर घेऊन जातो. तरीही पंखा बंद करू नका. डास हा फार दुबळा उडणारा प्राणी आहे आणि पंख्याचा झोत आपल्या श्वासाचा मागही विस्कटतो.

तीन निलगिऱ्यांचा गोंधळ

वनस्पतींमधून आलेलं एकच औषध असं आहे की जे डीटच्या पंगतीला बसू शकतं. पण त्याच्या नावाने इतका घोटाळा केला आहे की हा भाग सावकाश वाचा.

पहिली निलगिरी आपली नेहमीची, सर्दीला वाफ घ्यायची. तिच्यात मुख्यतः सिनिओल असतं. डासांवर तिचा भरवसा नको.

दुसरी लिंबाच्या वासाची निलगिरी. हे झाड वेगळं, त्याच्या सुगंधी तेलात बहुतांश सिट्रोनेलाल असतं, म्हणजे कथा पुन्हा सिट्रोनेलाचीच.

तिसरी गोष्ट याच झाडापासून बनते, तिचं नाव पीएमडी. चीनमध्ये या झाडाचं सुगंधी तेल काढून झाल्यावर जो चोथ्यासारखा अर्क उरायचा, तोच डासांवर जास्त चालतो असं लक्षात आलं. नारळाचं दूध काढून घ्यावं आणि चोथ्यालाच जास्त चव निघावी, तसा प्रकार. पीएमडी सुगंधी तेलापेक्षा कमी उडतं, म्हणून काही तास टिकतं. कच्च्या तेलात ते एक-दोन टक्केच असतं. कामाच्या उत्पादनात तेलावर प्रक्रिया करून त्याचं प्रमाण कैक पटींनी वाढवलेलं असतं. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी डास-रोधकांच्या शिफारशीत याचा समावेश करते, पण तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नका असंही सांगते.

तेव्हा ‘लेमन युकॅलिप्टस’ एवढ्याच नावावर भुलू नका. घटकांत पीएमडी लिहिलंय का ते बघा. नसेल तर हातात दुसरी निलगिरी आहे.

“पण बाटलीवर ९५ टक्के परिणामकारक लिहिलंय!”

लिहिलेलं असेल, आणि खोटंही नसेल. मोबाइलवर ‘चार्ज १०० टक्के’ दिसतो, पण तो फोन रात्रीपर्यंत पुरेल की दुपारीच मान टाकेल, हे त्यावरून कळतं का? तसंच आहे हे. लावल्या लावल्या मोजलं तर लवंगेचं तेलही झकास आकडा देतं. तासाभराने किती उरतो, ते विचारा.

दुसरं, त्रासासाठी ९५ टक्के पुरेसे असले तरी रोगासाठी उरलेले पाच टक्के पुरतात. डेंगीची लागण व्हायला एकच डास लागतो. एडिस तर एका माणसाकडे पोटभर न जेवता घरातल्या दोघा-तिघांकडे घोट-घोट पिणारी आहे.

गॅलरीत ‘डास पळवणारं झाड’ म्हणून ठेवलेल्या कुंडीचंही सांगून टाकते. पान चुरगाळलं तर वास येतो, नुसतं उभं असलेलं झाड हवेत फारसं काही सोडत नाही. त्या नावाने विकल्या जाणाऱ्या जिरॅनियमची चाचणी झाली, तेव्हा डास त्याच्या पानांवरही खुशाल बसले होते.

मुंबईत डास एक नाही, तीन आहेत

नाल्याच्या, गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो, झोप उडवतो. आपण ‘डास वाढलेत’ म्हणतो ते बहुधा याच्याबद्दल.

हिवताप पसरवतो ॲनॉफिलिस स्टीफेन्साय, हा शहरी राहणीला सरावलेला. विहिरी, गच्चीवरच्या उघड्या टाक्या, बांधकामाच्या जागी साठलेलं पाणी ही त्याची घरं. गिरण्या पाडून टॉवर उभे राहत असलेल्या आमच्या भागात त्याला कमी काय? हा रात्री चावतो.

आणि डेंगीचा एडिस, पायांवर पांढरे पट्टे असलेला, स्वच्छ पाण्याचा शौकीन. हा दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. म्हणजे ज्या वेळी आपण शाळेत, ऑफिसात, भाजी आणायला बाहेर असतो, नेमकं तेव्हा. संध्याकाळी सात वाजता लावलेला डिफ्यूझर, म्हणजे सुगंधी तेल हवेत सोडणारं यंत्र, त्याच्यासाठी उशिरा आलेली लोकल आहे.

“आजी संध्याकाळी धुरी करायचीच ना?”

करायची, आणि धुरीचा उपयोगही होता. कडुनिंबाचा पाला, गोवरी, धूप यांच्या धुरात डास थांबत नाहीत, धूर असेपर्यंत. दिवेलागणीला दारं लावून केलेली धुरी संध्याकाळच्या डासांना अडवायला योग्य वेळीच होत होती. पण ‘तेव्हा कुठे होते आजार’ हे मात्र आठवणींचं लाडकं खोटं आहे. मुंबईत हिवतापाने इतका धुमाकूळ घातला होता की १९११ साली डॉ. बेंटली यांनी त्यावर सरकारला स्वतंत्र अहवाल दिला आणि शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं. पुढे विहिरी झाकायची, बुजवायची मोहीम निघाली, धर्माच्या कारणाने तिला विरोधही झाला.

धुराची किंमतही असते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक डासांची कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे मोजले गेले. पाला जाळला म्हणून धुरातले कण फुफ्फुसाला ओळख दाखवत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत, दम्याचा माणूस असताना, धुरी नकोच.

“केमिकल नको, म्हणून तर हे सगळं”

ही भीती मला कळते. पण रेषा वाटते तितकी सरळ नाही. कॉइल आणि मशीनमधली औषधं ज्या घराण्याची आहेत, त्याचा मूळ पुरुष शेवंतीच्या जातीचं एक फूल आहे. पायरेथ्रिन हे कीटकनाशक असलेली त्या फुलांची पूड घालून जपानमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेटोळ्याच्या कॉइल बाजारात आल्या. पुढे १९४९ मध्ये त्याच रेणूच्या धर्तीवर पहिलं कृत्रिम रूप बनलं. म्हणजे ‘केमिकल’ कॉइल ही फुलाची नात, आणि ‘नैसर्गिक’ सिट्रोनेलाल हेही शेवटी केमिकलच.

झाडाचं की कारखान्याचं यापेक्षा पाकिटावर नोंदणी क्रमांक आहे का, हे जास्त महत्त्वाचं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे अशा औषधांची केंद्रीय मंडळाकडे नोंदणी लागते आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन छापावा लागतो. ‘हर्बल’ म्हणून सुट्या विकल्या जाणाऱ्या डास-अगरबत्त्यांपासून सावध. अशा काहींमध्ये नोंदणी नसलेली कीटकनाशकं निघाली आहेत.

“झाडाचं आहे, त्याचा काय त्रास होणार?”

खाजखुजलीही झाडाचीच असते. लवंगेचं शुद्ध तेल कातडी भाजून काढतं. गवती चहाच्या तेलाने काहींना पुरळ उठते. लिंबाचं तेल लावून उन्हात गेलात तर डाग पडू शकतात. निलगिरीचं तेल चमचाभर पोटात गेलं किंवा कापराची एखादी-दुसरी वडी लहान मुलाने गिळली, तर झटके येऊ शकतात. आणि काकूंच्या बाटलीत कापूरच होता, जमिनीपासून वीतभर उंचीच्या प्लगमध्ये, रांगत्या नातवाच्या घरात. मांजर असेल तर सुगंधी तेलं जपूनच वापरा, तिच्या यकृताला ती नीट पचवता येत नाहीत.

लावायचंच तर पाच मिली खोबरेलात दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाही. आधी कोपराच्या आत लावून दिवसभर बघा. दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीच लावू नका, त्याला मच्छरदाणी.

मग ठेवायचं कुठे, सोडायचं कुठे?

संध्याकाळी गॅलरीत अर्धा तास चहा घेत बसायचंय, आसपास डेंगीची साथ नाही, वास आवडतो : खुशाल सिट्रोनेला लावा. मुलाला दिवसभर बाहेर पाठवायचंय, शेजारी डेंगीचा रुग्ण आहे, घरात गरोदर बाई आहे : तेव्हा तासांत मोजलं जाणारं काहीतरी हवं. डीट, पिकारिडिन (हेही डीटसारखं कृत्रिम डास-रोधक), पीएमडी यांपैकी एक, सूचना वाचून, आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून. रात्री मच्छरदाणी, तिला ना मिनिटांची मर्यादा ना वासाची.

आणि अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा फ्रीजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, छपरावरची ताडपत्री, करवंट्या, जुने टायर कोरडे करायचे असतात. घासून कोरडे, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने सुकी राहू शकतात.

काकूंना मी हे सगळं जिन्यातच सांगितलं. त्यांनी वेगळंच विचारलं, “मग उरलेल्या तेलाचं काय करू? चांगलं पावशेर आहे.” कापूर न घातलेलं तेल मूळ बाटलीत होतं, ते मी साबणाच्या पाण्यात थोडंसं ढवळून झाडांना फवारायला सांगितलं. पिठ्या ढेकणावर, म्हणजे झाडांवरच्या पांढऱ्या कापसासारख्या किडीवर, ते खरंच चालतं.

रविवारी त्यांनी फवारायला घेतलं. त्यात ते डास पळवणारं जिरॅनियमही होतं, तीनशे रुपयांचं. पाठीमागून नीट फवारता यावं म्हणून कुंडी उचलली, तर खालच्या बशीत दोन बोटं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. काकूंनी वरूनच हाक मारली, “अगं, जरा ये गं वर. हे बघ काय पाळलंय मी!”